धुऱ्याकडून पहिली

मॅडमनी तो मेल मला वाचून दाखवला आणि लगेच म्हणाल्या, "खोटा असणार."

मॅडम म्हणजे भंडाऱ्यातल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यात मी अभ्यासाच्या कामाला आहे. गावोगाव जाऊन बायकांशी बोलायचं, वहीत लिहायचं आणि ते त्यांना आणून द्यायचं, असं ते काम. आम्ही मिळून केलेला एक लेख महिलांच्या आरोग्यावरच्या एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला होता. त्या नियतकालिकाचा शंभरावा अंक निघणार होता आणि त्यात आमचा लेख घेतला आहे, असं त्या मेलमध्ये होतं.

"असे मेल मला आठवड्याला चार येतात," मॅडम म्हणाल्या. "'आदरणीय प्राध्यापक, आपलं संशोधन थोर आहे.' मी प्राध्यापक तरी आहे का? आधी चौकशी कर, मग पेढे आण."

मी माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल सर मला ओळखत होते. पाठ्यपुस्तकं विकत घेण्याची ऐपत नसताना त्यांनीच मला सुटीच्या दिवशीही आत बसू दिलं होतं. त्यांनी मागच्या कपाटातून त्या नियतकालिकाचे जुने अंक काढून दिले. मी आतल्या पानावरचा पत्ता आणि मेलमधला पत्ता एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवला. दोनदा. मेल खरा होता. लेखावर दोन नावं येणार होती, त्यातलं दुसरं माझं. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. छापलेल्या कागदावर आमच्या घरातल्या कुणाचं नाव त्याआधी आलं असेल तर ते राशनकार्डावर आणि मतदारयादीत.

लेखाचा विषय आमच्याकडच्याच बायका होत्या. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, दिवसभर वाकून, चिखलात पोटरीपर्यंत उभं राहून बायकांच्या अंगाला काय काय होतं, याचा तो लेख. माझं गाव नाकाडोंगरीच्या बाजूला आहे. माझी माय तिथल्याच एका रोवणीच्या टोळीत जाते, म्हणून मॅडमनी सुरुवात माझ्या गावापासून करायला सांगितली होती. त्यांना वाटलं, ओळखीच्या पोरीला बायका मोकळेपणानं सांगतील.

झालं उलटं. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या, भातखाचराच्या, बांधावर वही घेऊन बसले की ओळीनं सगळ्यांचं एकच उत्तर येई. "काही तरास नाई." पुढचीही तेच म्हणे. चौथीनं तर मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांचा संशय साधा होता. आजारी बायकांची यादी शेतकऱ्याच्या हाती पडली, तर पुढच्या साली टोळीला कोण बोलावणार? मी क्रमांक टाकते, नाव लिहीत नाही म्हटलं, तर एकीनं विचारलं, "नंबर कायले पायजे? आमी काय बकऱ्या हावो का, कानाले बिल्ला माराले?"

माझी माय त्याच रांगेत होती. ती मान खाली घालून रोवत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

मग मी क्रमांकही सोडले. वहीत मी त्यांना रांगेतल्या जागेवरून लिहू लागले. धुऱ्याकडून पहिली, धुऱ्याकडून दुसरी, तिसरी. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्या हसल्या. हे चालेल म्हणाल्या. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

बोलायला पहिल्यांदा कुणी आलं असेल तर टोळीची मुकादम. मी तिला मावशी म्हणते, नात्यानं नाही, मायची जुनी सोबतीण म्हणून. जेवणानंतर सगळ्या पळसाखाली आडव्या झाल्या आणि ती मला बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, पाळीवर घेऊन गेली. आधी चारी बाजूंना पाहिलं. मग पाण्याकडे तोंड करून सांगितलं की तिचं अंग बाहेर येतं. गर्भाशय खाली उतरून बाहेर येणं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते घेऊन कुणी दहा-दहा तास चिखलात वाकत असेल, हे वाचलं नव्हतं. सकाळी ती जुन्या लुगड्याचा पट्टा कसून बांधायची आणि रांगेच्या टोकाला उभी राहायची.

"दवाखान्यात काहून नाही गेली?" मी विचारलं.

"पिशवी काढून टाकतीन. अन् टोळीले मालूम झालं त मुकादमकी गेली. अदमुऱ्या बाईच्या मागं कोन येते? कोनाले सांगशील त माह्या दारात येऊ नको."

मी तिला शब्द दिला. नाव कुठंच येणार नाही, कुणालाही कळणार नाही.

दोन वर्षांनी, रोवणीच्याच दिवसांत, शंभराव्या अंकातल्या आमच्या लेखाची छापण्याआधीची पानं आली. मी तुमसरला झेरॉक्सच्या दुकानात ती काढून घेतली आणि घरी आणली. माय नुकतीच बांधीतून आली होती. पायांचा चिखलही पुरता गेला नव्हता. मी तिला खाटेवर बसवलं आणि इंग्रजीतलं मराठीत सांगू लागले. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, चौकटीत एक उतारा होता. संपादकांना तो इतका आवडला होता की शंभराव्या अंकाची सुरुवातच त्यानं करायचं ठरलं होतं. मी तो अभिमानानं वाचला. धुऱ्याकडून पहिली उभी राहणारी, टोळी चालवणारी, डाव्या हातानं रोवणारी एक बाई कंबरेला पट्टा बांधून गर्भाशय आवरते आणि...

माय म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"हे तुले कोनं सांगतलं?"

तिचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं. रोवताना सगळ्या जणी डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी धरतात आणि उजव्या हातानं रोवतात. डावखुरी मध्ये उभी राहिली तर शेजारणीच्या कोपराला कोपर लागतं. म्हणून तिला टोकाला, धुऱ्याजवळच उभं राहावं लागतं. डावखुरी मुकादम आमच्या बाजूच्या पाच गावांत एकच आहे. रोवणीला गेलेल्या कुठल्याही बाईला हे वाक्य ऐकून नाव विचारायची गरज नव्हती. मायलाही लागली नाही. मावशीसोबत तिनं एवढ्या रोवण्या केल्या, पण हे तिला माहीत नव्हतं. ते तिला माझ्या तोंडून कळलं.

"कोनाले बोलू नको," मी म्हटलं.

"मी?" माय म्हणाली. "तूच त वाचून राहिली."

दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडून मी भंडाऱ्याला निघाले. वाटभर मला मॅडमचा राग येत होता. मोठ्या माणसांना आमच्या बायकांच्या अंगाची नुसती गोष्ट पाहिजे असते, असं काहीबाही मनात येत होतं. ज्या बाईनं माझं नाव लेखावर टाकलं तिच्याविषयी मी असा विचार करत होते, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. पण तेव्हा माझी खात्रीच होती की वाक्य सजवायला त्यांनी हे मुद्दाम घातलं.

मॅडम म्हणाल्या, "पण यात नाव कुठे आहे?"

"नाव लागतच नाही, मॅडम."

मी समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग उठून कपाटातून माझी वही काढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझंच अक्षर. *धुऱ्याकडून पहिली. डावखुरी. मुकादम.* त्याच्याखाली पट्ट्याची सगळी हकिकत.

"मला वाटलं, ही तुझी खुणेची भाषा आहे," त्या म्हणाल्या. "वाचायला छान वाटलं म्हणून ठेवली. मी तुला विचारायला पाहिजे होतं. पण तू तर तिथलीच आहेस ना?"

मी तिथलीच होते, म्हणून तर ते असं लिहिलं होतं. आमच्याकडे बाईला ओळखायची तीच रीत आहे. कोण कुठे उभी राहते, कुणाचा हात जलद चालतो. नाव लिहायचं नाही म्हटल्यावर माझ्या हातानं आपोआप नावाहून पक्की खूण लिहिली होती.

संपादकांना मेल मीच लिहिला. मॅडम बाजूला बसल्या होत्या, पण त्यांनी एकही शब्द बदलला नाही. चौकट काढा, डावा हात काढा, धुरा काढा, 'एक सहभागी महिला' एवढंच ठेवा. उत्तर दोन ओळींचं आलं. बदल करू. मात्र मग हा लेख पहिल्या पानावर राहणार नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शंभराव्या अंकाचं पहिलं पान त्यांच्याही वाट्याला पुन्हा येणार नव्हतं. "पाठव, चालेल म्हणून," त्या म्हणाल्या.

तरी माझा त्या 'बदल करू'वर विश्वास नव्हता. पानं पुन्हा दाखवा म्हटलं तर वेळ नाही असं उत्तर आलं. पुढचे तीन-चार आठवडे मी सगळ्यांवर पाळत ठेवल्यासारखी वागत होते. संपादक विसरले तर? मायच्या तोंडून निघालं तर? गावी गेले की मी बांधीवर जायचे आणि बायका हसल्या तर कशाला हसल्या ते पाहायचे. माय आणि मावशी एकमेकींशी नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. मावशी तर मायकडे तिरप्या नजरेनं पाहायची. मला वाटलं, संपलं. हिला कळलं आहे.

अंक आला तो श्रावणात. मी पाकीट उभ्याउभ्याच फाडलं. पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाचा लेख होता. आमचा बराच आत होता. मी तो ओळीनं वाचला. डावा हात नव्हता, धुरा नव्हता. मुकादमही नव्हती. होती ती फक्त 'एक सहभागी महिला'. मग शेवटी मी माझं नाव पाहिलं.

रविवारी अंक घेऊन मावशीच्या घरी गेले. ती ओट्यावर एकटीच तांदूळ निवडत होती. तिनं अंक हातात घेतला, उलटा-सुलटा केला, वजन पाहिल्यासारखा.

"यात मी हाय का?"

"नाही."

"वाच."

मी तो भाग वाचला, मग मराठीत सांगितला. तिनं तोच पुन्हा वाचायला लावला. मी काही गाळते का, हे ती माझ्या तोंडाकडे पाहून तपासत होती. मग तिनं विचारलं, "तुह्या मायले मालूम हाय का?"

खोटं बोलता आलं असतं. अंकात काहीच नव्हतं आणि माय बोलणार नव्हती.

"आहे," मी म्हटलं. "माझ्याच तोंडून गेलं. आधी चुकीचं लिहिलं होतं, ते मी तिला वाचून दाखवलं. चूक माझीच होती."

मावशीचे हात तांदळातच थांबले. मी चपला शोधू लागले.

"म्हनून ते रांड माह्या हातची पेंडी ओढते!" मावशी एकदम म्हणाली. "पऱ्ह्याचं ओझं उचलाले गेली का ते पहिले धावते. मी म्हनो, इले काय झालं? मले वाटलं, मुकादमकी पायजे तिले. महिनाभर तिच्यासंग धड बोलली नाही मी."

ती हसली नाही. पण उठ म्हणालीही नाही. तांदळातला एक खडा काढून फेकला आणि तिनं विचारलं, "तुही ते मॅडम पिशवी काढतेच का?"

"सगळ्यांची नाही काढत. पिशवीला आधार द्यायला आतून रिंग बसवता येते. आधी तपासू दे."

"भंडाऱ्याले कायले चालली, विचारतीन साऱ्या."

त्यावरचा उपाय मायनं काढला. पितळेचा गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, घ्यायला चाललो म्हणून सांगायचं. भंडाऱ्याला पितळेसाठी जाण्यावर कुणी संशय घेत नाही. दोघी गेल्या. मॅडमनी तपासलं. दुसऱ्या खेपेला रिंग बसवली, तिसरी खेप पुन्हा तपासायची. दोनदा रिकाम्या हातानं परत येऊन त्या तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा टोळीत चर्चा सुरू झाली. "एका गडव्यासाठी तीन चकरा? दुकानदारासंग सोयरीक जुळवून राहिल्या का वो?" तिसऱ्या वेळी त्यांना गडवा विकत घ्यावाच लागला.

धान कापणीला आला तेव्हा मी गावी होते. टोळी कापत होती, मावशी नेहमीसारखी धुऱ्याजवळ, डाव्या हातात विळा. नवा गडवा पाण्यानं भरून सावलीत ठेवला होता. मी पाणी प्यायला वाकले तर रांगेतली एक बाई माझ्यामागून आली. तीच, बकऱ्यांच्या बिल्ल्याचं बोलली होती ती. तिनं आधी चारी बाजूंना पाहिलं.

"मलेही भंडाऱ्याले घेऊन चाल," ती हळूच म्हणाली. "गडवा-गिडवा नको."

मी गडवा खाली ठेवला. पुन्हा कुठून फुटलं? मायकडून? माझ्याकडून? कुठल्या कागदातून?

"तुले कोनं सांगतलं?" मी विचारलं.

तिनं हनुवटीनं धुऱ्याकडे दाखवलं. मावशी आमच्याकडे पाठ करून कापत होती.

"जिचं होतं तिनंच," ती म्हणाली. "कवा जायचं, सांग."

वही पिशवीत होती. ती मी काढली नाही. तिला म्हटलं, बुधवारी.