डब्यातले अकरा बिल्ले

आधी मंदामावशींचं नाव घेतो. ते घेतल्याशिवाय पुढचं सांगायची माझी लायकी नाही. आणि पुढचं — ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर एका खोलीत सात वर्षं काढली त्या माणसांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू.

मी दर्यापूरकडचा. नववीत शाळा सोडली. आमच्याकडची माणसं दर हिवाळ्यात एका मुकादमाबरोबर फार लांब, समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात कामाला जातात. केंद्र दुरुस्तीसाठी बंद केलं की आत पाइप घासायला, झडपा खोलायला, फरशी पुसायला माणसं लागतात. एकोणिसाव्या वर्षी मीही गेलो. काळ्या मातीतला माणूस — समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. पंधरा दिवसांत तापानं फणफणलो. दवाखान्याच्या खिडकीपाशी उभा राहून म्हणालो, "मले लय ताप आहे जी." तर आतली नर्सबाई केसपेपर तसाच ठेवून बाहेर आली.

"काहून रे, कुठचा तू? दर्यापूर का अकोट?"

ह्या मंदामावशी. मूळच्या रिद्धपूरच्या, महानुभाव घरातल्या. तीस वर्षं तिकडं नोकरी केली, पण 'तुले-मले' सोडलं नाही. मला घरी नेलं, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. मला रडू आलं, तर म्हणाल्या, "खाय मुकाट्यानं. ठेचा तिखट आहे असं सांगू लोकायले." पुढं दर रविवारी मला समोर बसवून पेपर वाचून घ्यायच्या, अर्ज लिहून घ्यायच्या. चूक झाली की पेन्सिलीनं बोटावर टक्कन मारायच्या. आज हे चार शब्द मांडतो आहे ते त्यांच्यामुळे. आणि त्याच शब्दांत हे लिहावं लागतं आहे — काय म्हणावं?

आता बिल्ल्याचं सांगतो.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो धरून ठेवतो. नंतर तपासणीत आकडा कळतो. आकडा ठरलेल्या हद्दीपर्यंत गेला की माणसाला आत घेत नाहीत, आम्ही म्हणायचो, "तो भरला." भरला म्हणजे गावाकडं परत. नियम माणसाच्या भल्याचाच आहे. पण मजुराला किरणं दिसत नाहीत, परतीची एसटी मात्र दिसते. मग कोणी काय करावं? आम्ही शेवटच्या दाराआधी, कपडे बदलायच्या खोलीत बिल्ला काढून ठेवायचो. वरून तो पांढरा झगा चढवला की आत बिल्ला आहे का नाही, कोणाला कळतं?

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमचीच अक्कल. आणि बिल्ले ठेवायचे कुठं, तर माझ्या जेवणाच्या दोन कप्प्यांच्या डब्यात. खालच्या पुडात अकरा बिल्ले, वरच्या पुडात भाकर. माझ्या खोलीतल्या दहा जणांचे आणि अकरावा माझा. काम संपलं की ज्याचा त्याला परत. मी त्या डब्याचा राखणदार होतो. मला त्याचा अभिमानही होता — हो, अभिमान. माझ्या डब्यामुळं कोणी 'भरत' नव्हतं.

एकदा मावशींच्या स्वयंपाकघरात पिठलं खाता खाता मी हे हसत हसत सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. झारा खाली ठेवला.

"सुध्या, तो बिल्ला तुह्यासाठी नाही काय रे? तुह्यं अंग कोन मोजीन मंग?"

मी म्हणालो, "मावशी, मले काई होत नाही." दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा तसाच भरला.

त्या निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आल्या तेव्हा केंद्राचे जुने संच आणखी काही वर्षं चालवायचं घाटत होतं. समुद्राकाठचे लोक विरोधात उभे राहिले होते, मावशी इकडून त्यांच्यात सामील झाल्या. गुडघे दुखत असताना अकोटला, दर्यापूरला, खेड्याखेड्यात शेअर जीपमध्ये कोंबून बसून फिरल्या. कोणी म्हणे, "मावशी, वीज पायजे का नाई तुमाले?" तर म्हणत, "पायजे नं बाप्पा. पन म्हाताऱ्या बैलाले औताले जुंपाच्या आधी त्याचे दात तं पाहाशीन का नाही?" लोक हसायचे आणि बसून ऐकायचे.

केंद्र जुनं असलं तरी ठणठणीत आहे, असं सांगणाऱ्यांचा एक मोठा पुरावा होता: कामगारांच्या बिल्ल्यांवरचे आकडे बघा, किती कमी! तो पुरावा कसा तयार होत होता, ते मला माहीत होतं. आणि मावशींना.

त्यांनी अमरावतीत नागरिकांची सुनावणी ठेवली. मजूर आपल्याकडचे, तर आपल्या मातीत ते मोकळेपणानं बोलतील, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला एक निवृत्त न्यायाधीश बसणार होते. मावशींनी मला फोन केला. "दंडवत," हा महानुभावांचा नमस्कार नेहमीसारखा आधी, आणि मग — "तू सांगशील तरच हे बाहेर येईन. मी माह्या तोंडून तुह्यं नाव काढनार नाही. शब्द आहे माह्या." मी म्हणालो, येतो. सांगतो. अगदी ठामपणे म्हणालो.

निघायच्या तीन दिवस आधी मला केंद्राच्या बाहेरच्या स्टोअरमध्ये कायमचं काम मिळेल, असं मुकादम बोलला होता. आत जायचं नाही, सावलीतलं काम. सुनावणीचं त्यानं नावही काढलं नव्हतं. हॉलमध्ये तो तिसऱ्या रांगेत बसला होता. मला धमकी दिली नाही, डोळे वटारले नाहीत. नुसता हात वर केला — राम राम म्हणून. मी घाबरलो असं सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल. पण खरं सांगू? मी त्या हाताकडं पाहिलं आणि मला स्टोअरमधला पंखा दिसला.

न्यायाधीशांनी विचारलं, "आत काम करताना बिल्ला छातीवर असायचा का?"

"हो साहेब. नेहमी."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. मी स्वतः पाहत होतो."

हे दुसरं वाक्य मला कोणी विचारलंही नव्हतं. मीच जोडलं. मागून एक जण ओरडला, "घ्या बाई! साक्षीदार तं तुमचाच, अन् बोलून राहिला त्यायच्याकडून!" हशा पिकला.

मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी एक शब्द उच्चारला असता — 'डबा' — तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. सहा महिन्यांची पायपीट, सगळ्यांचा विश्वास, सगळं त्या एका शब्दावर अवलंबून होतं. मी खाली फरशीकडं पाहत होतो. त्या माइकपाशी गेल्या आणि लिहून घेणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "पोरगं जे म्हणते ते लिहून घे. जसंच्या तसं. कमी-जास्त करू नको."

एवढंच. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला. तोही मी माझा मोडल्यानंतर.

बाहेर आल्यावर मी निसटायला पाहत होतो. त्यांनी हाताला धरून जेवायला बसवलं. पानात ठेचा होता. त्या माझ्याशी बिल्ल्याबद्दल बोलल्या नाहीत — त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. फक्त म्हणाल्या, "गाडीले वेळ आहे. पोटभर खाय."

सुनावणीच्या अहवालात मजुरांच्या बिल्ल्यांचं प्रकरण आलंच नाही. माझं वाक्य मात्र केंद्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ठिकठिकाणी वाचून दाखवलं. संचांना मुदतवाढ मिळाली. एका मजुरानं खरं सांगितलं असतं तर थांबली असती का? माहीत नाही. ते दहा जण अजून आत जातात. त्यांच्यातल्या कोणाला काही झालं का, तेही माहीत नाही — आणि कधी कळणारही नाही, कारण जे मोजायचं होतं ते माझ्या डब्यात पडून राहिलं. मी स्टोअरमध्ये बसतो. पंखा आहे.

मावशी आता काठी घेऊन चालतात. मुदतवाढीविरुद्ध अजूनही जीपनं फिरतात. परवा फोनवर म्हणाल्या, "दंडवत. अकोटले बैठक आहे रे, चाळीस मानसं येऊन राहिले." मला ये म्हणाल्या नाहीत. त्या कोणाला दोनदा म्हणत नाहीत.

तो डबा मी टाकलेला नाही. मावशी, एक दिवस तो घेऊन तुमच्या बैठकीत येईन, खालचं पुड उघडून टेबलावर ठेवीन आणि माझं नाव पहिलं सांगीन. मग तुम्ही त्या लिहून घेणाऱ्या मुलीला सांगा — जसंच्या तसं, कमी-जास्त न करता. तुमचं देणं मी तिथं फेडीन.