पेपर सोडून ऊठ

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. लोकप्रशासन. पदवीचा शेवटचा पेपर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं लिहून झालं होतं, तेवढ्यात केंद्रप्रमुख सर वर्गाच्या दारात आले. आत नजर फिरवली. मला शोधलं.

"मावशी, ऊठ गं जरा. संस्थेचे साहेब आलेत. त्या नवीन माणसाला कपबश्याच सापडेनात. चहाचं बघून ये."

मी उठले.

कुणी हाताला धरून उठवलं नाही. कुणी दम दिला नाही. "आले सर," म्हणाले, पेनाला टोपण लावलं, उत्तरपत्रिका पालथी ठेवली आणि निघाले. वर्गात सगळे माझ्यासारखेच होते. एक एसटीचा कंडक्टर, एक अंगणवाडीताई, शुगर फॅक्टरीतला वॉचमन, घरचं आवरून आलेल्या बाया. त्यांनी माना वर केल्या, बघितलं, परत खाली घातल्या. पर्यवेक्षक मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कपबश्या काढल्या. दूध तापवलं. ट्रे घेऊन केबिनमध्ये गेले. आणि तिथं मी काय विचारलं माहितीय? "साहेबांना साखर चालते का?" माझ्या पदवीचा पेपर पलीकडच्या खोलीत पालथा पडलेला, आणि मला साहेबांच्या साखरेची काळजी. ते वाक्य आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परत आले तेव्हा पाऊण तास गेला होता. मॅडमना म्हणाले, तेवढा वेळ वाढवून द्या.

"नियमात बसत नाही गं," त्या म्हणाल्या.

चालू पेपरातून मला चहाला पाठवणं कुठल्या नियमात बसलं, हे तेव्हा विचारायला सुचलं नाही. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. चार मार्कांनी नापास झाले.

ज्या कॉलेजात परीक्षेचं केंद्र होतं, त्याच कॉलेजात मी परिचर होते, म्हणजे शिपाई. कंत्राटी. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, सरांच्या सहीनं; कॉलेजचे प्राचार्य तेच आणि परीक्षेला केंद्रप्रमुखही तेच. झाडणं, पुसणं, घंटा देणं, फायली फिरवणं, चहा. पोरं मावशी म्हणायची, प्राध्यापक मावशी म्हणायचे, माझ्या बापाच्या वयाचे सरही मावशीच म्हणायचे. माझं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

आम्ही चर्चला जाणारी माणसं. आजोबांनी धर्म बदलला, गावानं आमची वस्ती काही बदलली नाही. आई शाळा झाडायची. बारावी झाल्यावर माझं लग्न लावलं, नवरा गेला, मी श्रीरामपूरजवळ आईकडे परत आले. नेहमीच्या कॉलेजात शिकायचं तर दिवसभर वर्गात बसावं लागतं. दिवसभर मी वर्गातच असायचे, पण हातात झाडू घेऊन. फी परवडत नव्हती आणि कामाचा दिवस सोडणं तर अजिबात नाही.

म्हणून मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पुस्तकं घरी, तास रविवारी, परीक्षा मे महिन्यात. आधी ग्रंथालयाचा एक छोटा कोर्स केला होता, त्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, पदवीत धरले. दोन विषय मोबाईलवर शिकले आणि त्यांची परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायला नगरला गेले. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र नगर नगर असंच ओरडतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बसमध्ये स्वतःच्या कामासाठी बसले होते. एवढा आनंद झाला होता की येताना उगाच शेजारच्या बाईला सांगितलं, परीक्षा देऊन आले म्हणून.

असे श्रेयांक एकेक करून जमवले. कुठं चार, कुठं सहा. स्टाफरूममध्ये सर हसायचे. "घरबसल्या डिग्री! पुस्तक उघडून पास होतात हे लोक." सरांच्या घरात तीन पिढ्या मास्तर आणि प्राध्यापक. त्यांच्याकडे पदवी नसलेला माणूस म्हणजे कामाला आलेला माणूस. मी चहा ठेवत असायचे. मीही हसायचे. हसले नाही तर राग आलाय हे कळेल, अशी भीती वाटायची.

नापास झाल्यावर नोंदणीची मुदत बघितली. आणखी एकदाच बसता येणार होतं. त्यात गेला तर इतक्या वर्षांचे सगळे श्रेयांक रद्द, परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्या दिवशी मी खडूच्या खोक्यांच्या खोलीत जाऊन रडले. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला. सरांचा राग नंतर आला. आधी स्वतःचाच आला. उठलीसच कशाला? एवढंच सारखं डोक्यात.

मग वर्षभर तेच पुस्तक वाचलं. त्यात पदसोपान म्हणून एक धडा आहे. कार्यालयात वरपासून खालपर्यंत कोण कुणाच्या हाताखाली, त्याची उतरंड. मी सगळ्यात खाली होते, हे मला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. पण पुढं होतं की प्रत्येक पदाचे अधिकार लिहिलेले असतात, आणि वरच्याचा हुकूमही नियमातच असावा लागतो. मी वाचता वाचता थांबले. मला आजवर दिलेला एकही हुकूम लिहिलेला नव्हता. सरांच्या घरी गणपतीत भांडी घासायला गेले, तोंडी. स्टाफरूममधल्या एका बाईंच्या लेकीच्या डोहाळजेवणाला वाढायला गेले, तोंडी. पेपरातून उठले, तोंडी. उद्या कुणी विचारलं तर यातलं काहीच झालेलं नव्हतं.

मे महिना आला. रजेचा अर्ज दिला. या वेळी त्याची झेरॉक्स काढून त्यावर पोच घेतली. क्लार्क म्हणाला, "मावशी, लईच कायदेशीर झालीस गं." मी म्हणाले, "व्हय, झाले."

पेपर तोच. वर्ग तोच, मॅडम त्याच. पंखा गरम हवा फेकत होता. मी लिहीत होते आणि कान दाराकडे होते. सगळं पाठ होतं. तासभर कुणी आलं नाही. वाटलं, सुटले.

मग चपला वाजल्या.

"मावशी, ऊठ. ऑफिसची किल्ली कुठं ठेवलीस? आणि जरा चहाचं बघ, लोक आलेत."

माझे गुडघे हलले. खरं सांगते, उठायला लागलेच होते. बाकाला धरलं आणि बसून राहिले.

"सर, किल्ली क्लार्कभाऊंकडं हाय. मी आज रजेवर हाय. माझा पेपर चालू हाय."

"पाच मिनिटांचं काम आहे. ऊठ."

"पेपर सोडून ऊठ, असं लेखी द्या. मी उठते."

वर्गातली पेनं थांबली. सर क्षणभर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

"तुझी ऑर्डर कुणाच्या सहीनं निघते, माहितीय ना?"

"माहितीय सर. ती पण लेखीच निघती."

ते गेले. पुढची दोन पानं अक्षर वेडंवाकडं आलंय, तपासणाऱ्यानं कसं वाचलं असेल देव जाणे. पण एकही प्रश्न सोडला नाही. घंटा झाली तेव्हा उत्तरपत्रिका मॅडमच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. कारण विचारलं तर क्लार्क म्हणाला, कारण लागत नाही. ग्रंथालयात सहायकाची जागा निघणार होती, पदवी पाहिजे होती, त्यासाठी तर मी मरत होते. त्या जागेची जाहिरात माझ्या डोळ्यांदेखत बोर्डावर लागली.

निकालाच्या दिवशी श्रीरामपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. सगळ्या विषयांपुढं मार्क. लोकप्रशासनापुढं लिहिलेलं, राखीव. दुकानदाराला दोनदा विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, केंद्राकडनं काहीतरी रिपोर्ट गेला असंल. मी तिथंच स्टुलावर बसले. पास म्हणता येईना, नापास म्हणता येईना. नापास झाले असते तर रडून तरी घेतलं असतं.

कॉलेजात गेले. सरांनी बसायला सांगितलं नाही. टेबलावर एक टाईप केलेला कागद सरकवला. "परीक्षा कक्षात मी केंद्रप्रमुखांशी उद्धट वर्तन केले व परीक्षेच्या कामकाजात अडथळा आणला. त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागते." खाली माझं नाव. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली.

"ही सही केलीस की मी विद्यापीठाला पत्र देतो. निकाल सुटेल," सर म्हणाले. "ग्रंथालयाच्या जागेलाही अर्ज कर. मी काय तुझा वैरी आहे का?"

मी वाचत होते.

"वाचतेस काय? सही कर."

पेन हातात घेतलं होतं. हे लपवणार नाही. एका सहीत पदवी होती, नोकरी होती, खुर्चीवर बसून करायचं काम होतं. मला ते सगळं हवं होतं. म्हणाले, "घरी नेऊन बघते सर." सर म्हणाले, "उद्यापर्यंत."

आईला कागद वाचून दाखवला. ती लसूण सोलत होती.

"कर की सई," ती म्हणाली. "कागुदच हाय त्यो. म्या काय कमी अंगठं दिलं व्हय? वाचून कोन दावीत हुतं? पोट भरलं का न्हाई तुमचं?"

"आई, हे खोटं हाय. त्यांनी मला पेपरातनं उठवलं. आन् उद्धट मी?"

"खरं खोटं त्येंच्याकडंच असतंय बाई. आपल्याकडं काम असतंय. सई कर न् मोकळी हो."

"न्हाई करनार."

तिनं लसणाची पाटी बाजूला ढकलली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. अजूनही नीट बोलत नाही. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिच्या अंगठ्यांवर मी मोठी झाले.

दुसऱ्या दिवशी तो कागद सही न करता सरांच्या टेबलावर ठेवला. सोबत माझा अर्ज. दोन्ही मे महिन्यांत काय झालं ते तारीखवार, कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द. क्लार्कनं पोच द्यायला नकार दिला, म्हणून पोस्टात जाऊन कॉलेजला आणि विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना रजिस्टर केलं. साक्षीदार म्हणून मॅडमचं नाव घातलं. त्या बाजारात भेटल्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माझं नाव काढ गं. तासिकेवर आहे मी, मला काढतील." मला त्यांची कीव आली नाही. मला काढूनच झालं होतं. नाव काढलं नाही. साक्ष द्याल का विचारलं, तर कंडक्टरभाऊ म्हणाला, बघू. अंगणवाडीताई फोन उचलत नाही.

आता मी मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. ग्रंथालयाच्या जागेवर सरांच्या ओळखीतला माणूस बसलाय. विद्यापीठाचं उत्तर आलेलं नाही. काही दिवस पहाटे उठले की वाटतं, सगळं संपलं, कशासाठी करतेय हे. काही दिवस दुपारपर्यंतही तेच वाटत राहतं. सरांचा निरोप मात्र अजून येतो, क्लार्ककडून. माफीचा कागद तयार आहे म्हणतात. कधीही ये.

मी जाणार नाही. ती पदवी सरांच्या हातची नाही. त्या उत्तरपत्रिकेत अक्षर माझं आहे, श्रेयांक माझे आहेत, आणि त्या बदल्यात खोटं लिहून द्यायला मी कुणाचं काही देणं लागत नाही. माफी मागायची नाही आणि पदवीही सोडायची नाही. सोमवारी कांद्याचं काम बुडवून विद्यापीठात चाललेय. माझी उत्तरपत्रिका मला दाखवा म्हणणार आहे. नाही म्हणाले, तर ते नाहीसुद्धा लेखी घेऊन येईन, आणि तो कागद घेऊन कोर्टाची पायरी चढेन.