अरुणाबाई बाकावर बसल्या

बालरोगतज्ज्ञ झाल्यावर अरुणा गुप्ते मनोविश्लेषण शिकायला गेल्या, तेव्हा सोबतचे डॉक्टर हसले होते. "तुमचे पेशंट बोलतात तरी कुठे?" बाईंनी वाद घातला नाही. पुढे वाशीच्या इस्पितळात नवजात कक्ष हाती आल्यावर त्यांनी भेटीच्या वेळांची पाटीच उतरवली. आईबापांनी हात धुवावेत, आत यावं, हवं तितकं बसावं. जंतुसंसर्ग वाढेल म्हणून गहजब झाला. तो काही वाढला नाही.

पण दार उघडं असूनही रुतिका आत येईना. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली ही पोर. तिची मुलगी दिवस भरायच्या आतच झालेली, ओंजळभर. रुतिका दूध काढून पाठवायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. सासू, गंगू, वैतागली होती. "कशी आय हाय ही? पोरीचं तोंड नाय बघत!"

"मॅडम, तिला समजावा," सिस्टर म्हणाल्या.

अरुणाबाई समजवायला गेल्याच नाहीत. रोज राउंड संपला की तिच्या शेजारी जाऊन बसायच्या. एका दुपारी रुतिकाच बोलली.

"पयला झाला, तवा मी त्याला छातीशी धरलेला. तसाच गेला."

'तुझा काय दोष,' हे शब्द अरुणाबाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. असल्या दिलाशाने माणूस पुन्हा मिटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"नाव काय ठेवलं होतंस?"

"कान्हा."

पलीकडे बसलेल्या गंगूने पदर तोंडाला लावला. "घरात त्याचं नाव घ्याचं नाय, असं मीच बोललेली," ती हुंदके देत म्हणाली. "हिला तरास नको म्हनून."

सासूसुना कितीतरी वेळ रडल्या. अरुणाबाई उठल्या नाहीत.

मग तिघी आत गेल्या. सिस्टरने बाळ रुतिकाच्या उघड्या छातीवर ठेवलं. ती मॉनिटरकडेच बघत होती.

"मशीनकडे सिस्टर बघतील. तू हिच्याकडे बघ," अरुणाबाई म्हणाल्या. "भीती वाटली तर सांग. मी इथेच आहे."

बाळाने चुळबुळ केली, गाल टेकवला आणि झोपी गेलं. गंगू मागे सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

गणपतीच्या आधी पोर घरी गेली. आता ती रांगते. तपासणीला आली की गंगू भेटेल त्याला सांगते, "ही कान्हाची भयीन." रुतिका ते ऐकते आणि हसते.