घर नंबराचा रकाना

फ्लॉपीच्या काळात कळमनुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासचा प्रवेशाचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, आणि त्याचा मला भारी माज होता. एकदा तांड्यावरची एक बाई शिकायला आली. एका बोटानं अक्षरं शोधत तिनं स्वतःच फॉर्म भरला. घर नंबराचा रकाना मात्र रिकामा सोडला. स्क्रीनवर आलं, ‘माहिती चुकीची आहे.’

“शून्य टाका,” मी म्हणालो. “तांड्यावरचे सगळे तेच टाकतात.”

तिनं हाताची घडी घातली.

“आमच्या घरांना नंबरच न्हाई. खरं सांगून मी चुकीची काहून? तुमचं मशीन सुधरा. मी बसले इथंच.”

चडफडत मी प्रोग्रॅम उघडला आणि तो रकाना भरलाच पाहिजे ही अट खोडली. तिनं रकाना रिकामाच ठेवून बटण दाबलं.

तांड्यावरून त्या रकान्यात आलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.