नानाचा हवेतला बार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जेवून जरा आडवी झाले होते. "वन्सं, लगेच या. चहा घेऊन आले तर हे उठत नाहीत..." एवढंच बोलली. आमची घरं एकाच आळीत. मी पोचेपर्यंत शेजारचे डॉक्टर येऊन, बघून, दाखला लिहायला परत गेलेसुद्धा होते. नाना, माझा मोठा भाऊ, खुर्चीत बसला होता, मान एका बाजूला कलंडलेली. समोर कॉम्प्युटर चालूच. पडद्यावर रक्ताळलेल्या तोंडाची मढी झोकांड्या खात चालत होती आणि मधोमध जमिनीवर एक लांब बंदूक पडली होती. डॉक्टरांनी कानांवरचा हेडफोन गळ्यात सरकवला होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "नाना, रागावलात काय? ओ नाना..." तेवढ्यात पायऱ्यांवर माणसांची चाहूल लागली. मी भावाच्या पायांना हात लावला नाही की वहिनीला जवळ घेतलं नाही. आधी भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला, आवाज थांबला, वर एक चादर टाकली आणि मग रडायला बसले. माझा भाऊ मढ्यांच्या घोळक्यात बसून गेला हे आळीला दिसू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. आज हे लिहिताना लाजेने कान तापलेत.

नानाला लोक ओळखत ते आंब्यामुळे आणि बंदुकीमुळे. आरे-वारेच्या रस्त्याला आमची कलमांची बाग. वानर आणि लाल तोंडाची माकडं, आमच्याकडची केलडी, तिथे घरच्यासारखी येतात, म्हणून शेतीच्या राखणीसाठी वडिलांच्या वेळेपासून परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू भरा, छर्रे भरा, गजाने ठासा, वर टिकलीसारखी केप बसवा... एवढं होईपर्यंत अर्धं झाड रिकामं झालेलं असायचं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे आणि केलडी बागेत हजर. "खरा विकास ह्यांचाच," नाना म्हणायचा. पण इतक्या वर्षांत त्याने एकाही जनावरावर नेम धरला नाही. मारुतीची माणसं ती, त्यांना मारायचं कसं? तो नळी आभाळाकडे करायचा आणि हवेत बार काढायचा. सगळी टोळी धूम पळायची, दुसऱ्या दिवशी परत यायची आणि नाना परत बार काढायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "आधी भिववायचं. न भिता कोण थांबलं तर मग बघू." ते बघायची वेळ त्याने येऊच दिली नाही.

मग हातांना कंप सुटला. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा त्याने स्वतःच जाऊन बंदूक जमा केली आणि परवाना परत केला. बाग गड्यांवर टाकली. बोटं चालती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले म्हणून गणपतीला आलेल्या मुलाने, प्रदीपने, स्वतःचा जुना कॉम्प्युटर लावून दिला आणि त्यावर हा खेळ. सगळं गाव मरून उठलंय, उरलेल्या मोजक्या माणसांनी बंदुका घेऊन जीव वाचवायचा, असा तो प्रकार. मला वाटलं, आठवड्यात कंटाळेल. कसला कंटाळतो! महिन्याभरात त्याला त्यातली हत्यारं कलमांसारखी पाठ झाली. लांब पल्ल्याची दुर्बिणीची बंदूक त्याला निरुपयोगी, कारण हात हलला की नेम गेला. फटाफट गोळ्या सोडणारी नको, "ती माणसाला विचार करू देत नाही." त्याचा जीव छर्ऱ्याच्या बंदुकीवर. छर्रा पसरतो, थरथरत्या हातालाही सांभाळून घेतो. "आणि कुंदे, दारू ठासायला नको, गज नको. एक बटण दाबलं की भरली!" हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळायचा की मला राग यायचा.

हो, रागच. मी शाळेत मराठी शिकवलं, आयुष्यभर मुलांना सांगितलं की मारामारीचे खेळ खेळू नका, आणि माझा सख्खा भाऊ सत्तरी उलटल्यावर मढी मारत बसलेला. खेळात त्याच्याबरोबर इंटरनेटवरून दोघं असायची. शमा म्हणून एक देवरूखची, दातांची डॉक्टर, दुपारच्या सुट्टीत यायची. दुसरा बुरोंडीचा इरफान, बोट किनाऱ्याला लागली की फोन घेऊन बसायचा. कोणी कोणाला कधी भेटलेलं नाही. एकदा मी चकल्या द्यायला गेले, तर त्याने हेडफोन लावला नव्हता, खोलीतून दोघांचा आरडाओरडा ऐकू आला, "नाना, हवेत बार काढू नका! आवाज ऐकून सगळी इकडेच येतात!" त्या खेळात आवाज झाला की मढी पळत नाहीत, धावून येतात. नाना आपला शांतपणे म्हणतोय, "अरे पण आधी भिववायला नको? एकदम कसं मारायचं?" इरफान वैतागून म्हणाला, "मेलेल्यांना कसली भीती हो नाना?" वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. मी दार लावून घेतलं, कारण बाहेर ओटीवर माझ्याबरोबर आलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "नाना जपाला बसलाय." जपात बंदुकांचे आवाज कसे, हे त्यांनी विचारलं नाही. बिचाऱ्या सभ्य होत्या.

पुढे शोकसभेतही मी तेच केलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये माईकसमोर उभी राहिले आणि अगदी ओघात सांगून टाकलं की अखेरच्या वर्षांत नाना नामस्मरणात रमला होता. लोकांनी माना डोलावल्या. सभेहून नानाच्या घरी परतलो, वहिनी विळीवर नारळ खवायला बसली. वर न बघता म्हणाली, "वन्सं, तुम्ही आज कोणाबद्दल बोललात?" मग तीच म्हणाली, "त्या दोघांना कोणी कळवलंय का? ती रोज ह्यांची वाट बघायची. मला ते यंत्र लावता येत नाही. नाहीतर मीच सांगितलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता... असता तर बरं झालं असतं. इतक्या दिवसांत सुतकात, पाहुण्यांत, भटजींच्या सामानात, त्या दोघांची आठवण आम्हां शहाण्यासुरत्यांना झाली नव्हती. प्रदीपलाही नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नोकरीवर परतलेल्या प्रदीपला फोन लावून, तो सांगेल ते दाबत, मी चादर काढून कॉम्प्युटर लावला. हेडफोन घातला. दोघंही होती. मी म्हटलं, "मी नानाची बहीण, कुंदा. नाना गेला." मग शमा रडायला लागली. इरफान म्हणाला, "आम्हाला वाटलं, रागावले. त्या दिवशी नाना हवेत बार काढतच सुटले होते. एक नाही, लागोपाठ. बंदूक रिकामी होईपर्यंत. सगळी मढी अंगावर आली, आम्ही दोघं मेलो. मी संतापून बोललो त्यांना, म्हातारे झालात, घरी बसा आता. मग त्यांचा आवाजच नाही. किती हाका मारल्या, रागावलात काय म्हणून विचारत राहिलो, आणि तेवढ्यात त्यांनी लाइनच तोडली. आम्ही समजलो, हेच उत्तर."

मी खुर्चीमागे उभ्या वहिनीकडे बघितलं. हेडफोन असल्यामुळे तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी तिला विचारलं, "चहा घेऊन आलीस तेव्हा त्याचा हात कुठे होता?" ती म्हणाली, "माऊसवर. बोट दाबलेलंच राहिलं होतं, मी सोडवलं."

तेव्हा मला कळलं. मी इरफानला सांगितलं, की बाळा, तो बार काढत नव्हता, त्याचा जीव गेला होता आणि बोट बटणावर राहिलं होतं. तुझं बोलणं त्याने ऐकलंच नाही. आणि लाइन त्याने तोडली नाही, मी तोडली. तुमची हाक माझ्या कानाने ऐकत असताना तोडली, कारण बाहेर माणसं येत होती आणि मला लाज वाटत होती. इरफान हळूच म्हणाला, "म्हणजे ते गेले होते, आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो..." एवढे दिवस तो पोरगा ते ओझं घेऊन समुद्रावर जात होता. माझ्या एका प्लगपायी. माफ कर म्हटलं, तर तो म्हणाला, "तुम्ही कशाला माफी मागता, मोठ्या आहात." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

शमा म्हणाली, नानांची बंदूक दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून त्या दोघांनी ती नेऊन खेळातल्या तिघांच्या घरात भिंतीला लावलीय. बघता का? मला त्या खेळात चालता येत नव्हतं. कुठलं बटण, कुठली दिशा, दोघांनी मला हात धरल्यासारखं नेलं. दुनळी नव्हे, एकाच नळीची, जडशी छर्ऱ्याची बंदूक. खाली शमाने लिहून ठेवलंय, 'नाना'. वहिनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "हीच. हीच आवडायची."

त्या दिवसापासून दुपारी मी नानाच्या खुर्चीत बसते. हेडफोनला अजून त्याच्या तेलाचा वास आहे. मला नेम धरता येत नाही आणि शिकायचंही नाही. दोघं लढतात, मी दाराशी उभी राहून कोण आलं ते सांगते. वहिनी मागे वाती वळत बसते आणि मध्येच विचारते, आज इरफानला मासळी मिळाली का? दाराबाहेर चपला काढताना आळीतल्या बायका हटकतात, "रोज दुपारची कुठे गो जातेस, कुंदाताई?" पेपराची ही पुरवणी त्यांच्याकडेही येते, तेव्हा हे वाचून आता कळेलच. पण कालपर्यंत तरी मी त्यांना सांगत होते, वहिनीकडे भजन असतं म्हणून.