मिनिटरावांची राखीव गाडी

बस डेपोत त्यांना सगळे मिनिटराव म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्माने कमावलं होतं. शहरातल्या एकशे चाळीस गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या टेबलावर जन्माला यायचं. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या थांब्यावर किती थांबणार, चालकाने चहा कधी प्यायचा, सगळं त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर. कुणी "पाच-दहा मिनिटांत येतो" म्हटलं की लगेच त्यांच्या कपाळाला आठी. "पाच की दहा? एक काहीतरी सांगा," असं ते साहेबांनाही विचारून बसले होते.

आता अशा माणसाच्या घरी नशिबाने काय द्यावं? तर ज्याचं काहीच ठरवता येत नाही असं दुखणं. त्यांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होता, बारा वर्षांपासून. धाकटा आता अडतीसचा. गोळ्या नीट घेतो, तळमजल्यावरच्या शिवणकाकूंना काज-बटणं करून देतो, आणि जीभ अशी तिखट की काकू हसताहसता सुई टोचून घेतात. पण एखाद्या सकाळी कुणालाही न दिसणारी माणसं त्याच्याशी बोलायला लागत. मग तो खिडक्या लावून घेई, ताटाकडे संशयाने बघे, आणि दादालाही जवळ येऊ देत नसे. त्याच दिवशी का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"औषधं चालू असली तरी कधीतरी होतं असं," डॉक्टर म्हणाले होते.

"कधीतरी म्हणजे कधी?" मिनिटरावांनी खिशातून पेन्सिल काढत विचारलं होतं.

डॉक्टर बिचारे काय सांगणार? मिनिटराव त्यांच्यावर आठवडाभर रागावून होते.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलती एक लेक लग्न होऊन पाच तासांच्या अंतरावर राहत होती. आणि मिनिटराव गेल्या अकरा वर्षांत एक रात्रही घराबाहेर झोपले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी एकदा गेले होते, तर दुसऱ्याच दिवशी धाकट्याला भरती करावं लागलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, यांनी तर पाणीसुद्धा फुंकायला घेतलं होतं. आता लेकीला मुलगी झाली होती. बाळंतपण अवघड गेल्यामुळे तिला प्रवास झेपत नव्हता. नात चार महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं.

"बाबा, तिला वाटतंय आजोबा मोबाइलमध्येच राहतात," लेक हसत म्हणाली. पण फोन ठेवताना तिचा आवाज ओला होता, आणि तो त्यांना दिवसभर पुरला. जायचं तर होतंच. फक्त कुठले दोन दिवस धाकटा बरा असेल, तेवढं आधी कळायला हवं होतं.

मग मिनिटरावांनी तेच केलं जे फक्त मिनिटरावच करू शकतात. त्यांनी भावाचं वेळापत्रक बनवायला घेतलं. जाडजूड वही, आखीव रकाने. झोप किती तास, पोळ्या किती, हवा कशी, वार कुठला, दाढी केली की नाही. शेवटच्या रकान्यात उद्याचा अंदाज: बरा किंवा वाईट. अंदाज बरोबर आला की टिक, चुकला की फुली. असे दोन महिने.

दवाखान्यात दर शनिवारी घरच्या माणसांची बैठक भरायची. कुणाचा मुलगा आजारी, कुणाची बायको, कुणाची बहीण. सगळे खुर्च्या गोल मांडून बसायचे आणि पोटातलं बोलून घ्यायचे. घरोघरी मातीच्या चुली, हे तिथे जितकं कळायचं तितकं कुठेच नाही. बैठक घेणाऱ्या सिस्टर तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. एका शनिवारी मिनिटरावांनी आपली वही सगळ्यांपुढे अशी उघडली, जणू आता टाळ्याच पडणार.

"छान आहे," सिस्टर पानं चाळत म्हणाल्या. "किती अंदाज बरोबर आले?"

"निम्मे," मिनिटराव जरा खालच्या पट्टीत म्हणाले.

"म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते."

खोलीत हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"मला एक सांगा," सिस्टरांनी वही मिटली. "तुमच्या डेपोत रोज एखादी गाडी बंद पडत असेल ना? कुठली पडणार, हे आदल्या दिवशी कळतं?"

"ते कुणाला कळतं?" मिनिटराव उसळले. धंद्याचा प्रश्न होता, त्यांना राहवेना. "म्हणून तर एक राखीव गाडी ठेवतो आम्ही. तिला मार्ग नाही, वेळ नाही. चालक आत बसलेला, टाकी भरलेली. कुठूनही फोन आला की निघाली."

"आणि घरी?" सिस्टरांनी विचारलं. "घरची राखीव गाडी कुठे उभी असते?"

एकशे चाळीस गाड्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाच्या घरी एकच गाडी होती, ती अकरा वर्षं न थांबता पळत होती, आणि ती म्हणजे ते स्वतः. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ते घरी आले ते चिडूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर धाकटा वही उघडून बसला होता. मिनिटरावांची पाचावर धारण बसली. वही त्यांनी कपड्यांच्या कपाटात, स्वेटरखाली दडवलेली असायची.

"महिनाभर वाचतोय," धाकटा शांतपणे म्हणाला. "मागून उघड."

मिनिटरावांनी मागून उघडली. तिथे त्यांच्यासारखेच रकाने आखलेले होते, पण वर शीर्षक होतं: दादा. खाली काजाच्या टाक्यांसारखं बारीक अक्षर. "आज दादा माझ्या खोलीत चार वेळा डोकावेल, दोनदा कात्री शोधायचं निमित्त करून." टिक. "आज दादाच्या लेकीचा फोन येईल. दादा 'बघू' म्हणेल." टिक. "मी पोळी कमी खाल्ली तर दादा जेवणारच नाही." टिक. तीस दिवसांत अठ्ठावीस बरोबर.

"तुझ्यापेक्षा मी बरा अंदाज करतो," धाकटा म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. "दादा, तू रोज सकाळी माझं तोंड बघून तुझा दिवस ठरवतोस. मला त्याचं फार ओझं होतं. आवाजांपेक्षा जास्त."

मिनिटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"मला भीती वाटते रे," ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले.

"मलाही वाटते," धाकटा म्हणाला. "काढ पेन्सिल."

आणि त्या सकाळी दोघांनी मिळून घरची राखीव गाडी उभी केली. एक कागद, कपाटाच्या दारावर चिकटवायचा. धाकटा सांगत गेला, दादा लिहीत गेले. आवाज वाढायला लागले की मी आधी शिवण बाजूला ठेवतो, मग रेडिओ मोठा करतो, हे काकूंना माहीत हवं. असं झालं तर मी स्वतः खाली काकूंकडे जाऊन बसणार. काकू सिस्टरांना फोन करणार. मग दादाला.

"मग दादा लगेच निघणार," मिनिटरावांनी लिहायला घेतलं.

"खोड ते," धाकटा म्हणाला. "मग दादा विचारणार, येऊ का?"

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बारा वर्षांनी विचारताय होय? मी केव्हाची तयार बसलेय."

पुढच्या शुक्रवारी मिनिटराव लेकीकडे निघाले. दोन रात्री, रविवारचं परतीचं तिकीट. पहिल्या तासात त्यांनी पाच फोन केले. धाकट्याने फक्त तिसरा उचलला आणि म्हणाला, "बरोबर आला माझा अंदाज," आणि ठेवून दिला.

नात दिसली तेव्हा मिनिटरावांनी तिच्यापुढे बोट केलं. तिने त्यांचं बोट धरलं, मग चष्मा ओढला. शुक्रवार सुखात गेला.

शनिवारी सकाळी फोन वाजला. धाकट्याचाच होता, पण आवाज चोरून बोलल्यासारखा.

"दादा, वाढलेत. मी काकूंकडे बसलोय. सिस्टरांशी बोललो, त्या बारा वाजता येतायत."

मिनिटरावांचा दुसरा हात आपोआप पिशवीकडे गेला. चप्पलही घातली. नऊ दहाची गाडी त्यांना पाठ होती, ती मिळत होती. मग कागद आठवला.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.



"अजून कळत नाही," धाकटा म्हणाला. "दुपारी एकला सांगतो."

नऊ दहाची गाडी गेली. अकराची गेली. मिनिटराव चप्पल घालूनच पाळण्याजवळ बसून होते. लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळ झोपलं, त्यामुळे उठताही येईना. काय होणार ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा काही उपायही नव्हता. ते नुसते बसले, बाळाचं पोट वरखाली होताना बघत.

एक वाजला. एक वाजून दहा झाले. मिनिटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं कुणाला माफ केली.

एक चौदाला फोन आला. "आहेत अजून, पण सिस्टर आल्या. डॉक्टरांना विचारून गोळी बदललीय. काकूंनी भात भरवला." धाकटा दमलेला होता, पण आवाज त्याचा होता. "नको येऊस. उद्याच ये, ठरल्याप्रमाणे."

मिनिटरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चप्पल काढली.

रविवारी संध्याकाळी ते घरी पोचले. धाकटा थकला होता, डोळे सुजलेले, पण टेबलाशी बसला होता. समोर वही. शनिवारच्या ओळीवर त्याने आधीच लिहून ठेवलेलं होतं: "माझं काही बिनसलं तर दादा पहिल्या गाडीने परत येईल."

"चुकलो," धाकटा म्हणाला. आणि त्याने त्या ओळीपुढे फुली मारली, मोठी, सावकाश, पेन्सिल दाबून, मग दादाकडे बघून हसला.