काकींच्या टीव्हीवर लिनक्स

"दादा! हे काळं का आहे? दादा, लॅपटॉप काळा का आहे?"

माझी धाकटी बहीण एवढ्या जोरात ओरडली की घोडपदेवच्या आमच्या चाळीवरची कबुतरं उडाली ती थेट कॉटन ग्रीनच्या गोदामांवर जाऊन बसली. मी तेव्हा मोरीत तोंड धूत होतो. म्हणजे लपलो होतो. सकाळपासून इतक्यांदा तोंड धुतलं होतं की रंग एक शेड उजळला असेल.

"काळा नाहीये," मी मोरीतूनच म्हणालो. "सुरू होतोय."

"कधीपासून?"

"हे काय, आत्ता."

"मेल्या, सकाळपासून तसोच आसा तो!" आईने ओट्याजवळून माझी वाट लावली. "माका विचार. सारखो टुंग वाजता आणि काय दिसत नाय."

मग मोरीचं दार वाजलं. वाजलं कसलं, बिजागऱ्या अजून सैल आहेत.

"काय केलंस?"

"मी काही नाही केलं," मी म्हणालो.

त्या दिवशी चार वाजता तिचा इंटरव्ह्यू होता. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात ती बिलं बनवायची. टेबल वजनकाट्याला चिकटून, आणि धूळ अशी की संध्याकाळी घरी येऊन ती शिंकली की आमच्या भिंतीवर गोदामाचा नकाशा उमटायचा. दोन वर्षं खोकत होती. आता कुठे एका कंपनीने मालिका-सिनेमांची मराठी सबटायटलं लिहायच्या कामासाठी तिला बोलावलं होतं. घरी बसून काम, धूळ नाही. फोनवरून चालणार नाही, टायपिंगची परीक्षा आहे, लॅपटॉपच हवा, असं त्यांनी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. दाढ दुखते असं सांगून ती हाफ डे घेऊन आली होती, आणि शेठने बजावलं होतं की ही शेवटची दाढ. आजचं हुकलं तर पुन्हा वजनकाट्याशेजारी.

सकाळी निघताना ती मला म्हणाली होती, "चार वाजेपर्यंत लॅपटॉपला हात लावू नकोस."

मी हात लावलाच नाही. पेनड्राइव्ह लावला.

माझी बाजूही ऐका. तो लॅपटॉप तिने लालबागच्या एका गेमवेड्या मुलाकडून जुना घेतलेला. त्यातली आधीची सिस्टीम अशी आजारी, की चालू करून माणूस दाढी करून यायचा तरी गोल फिरतंच असायचं, आणि मनात आलं की भर कामात स्वतःला अपडेट करायला घ्यायची. इंटरव्ह्यूच्या मध्येच तिने तसं केलं तर? ह्या काळजीने मी रात्रभर झोपलो नव्हतो. झोपलो होतो, पण काळजी होती. लिनक्सबद्दल मी एवढं वाचलं होतं की चाळीत मला त्यातलाच माणूस समजत. फुकट, हलकी, कोणाच्या बापाची नाही अशी सिस्टीम. बहीण दुपारी येईल, लॅपटॉप उघडेल आणि तो विमानासारखा उडेल, असं सरप्राइज माझ्या डोक्यात होतं.

आधी मी ती नुसती पेनड्राइव्हवरून चालवून बघितली. मेनूत दोन पर्याय होते, एक साधा आणि एक ‘सेफ ग्राफिक्स’. साध्याने स्क्रीन काळी पडली. म्हणून दुसरा घेतला, तर सगळं लख्ख. शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. मी तिच्या फायली फोनमध्ये काढून घेतल्या आणि ‘सगळं पुसून इन्स्टॉल करा’वर टिचकी मारली. इन्स्टॉल होईपर्यंत गॅलरीत फेऱ्या मारत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, आज आपल्या चाळीत क्रांती आहे.

रीस्टार्ट झालं. टुंग वाजलं. काळं.

बंद, चालू. टुंग. काळं. बॅटरी निघत नव्हती, नाहीतर काढून उन्हात ठेवली असती. फोनवर शोधलं, तर जगभरातले माझ्यासारखे बहाद्दर एका जागी बसून रडत होते. त्यातून एवढं कळलं की ह्या लॅपटॉपच्या पोटात दोन ग्राफिक्स चिपा आहेत. धाकटी साधी, रोजच्या कामाची. थोरली गेमसाठी. दोघींचं पटत नाही. नव्या सिस्टीमने आल्या आल्या घराच्या किल्ल्या थोरलीला दिल्या होत्या, आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन होती धाकटीच्या ताब्यात. थोरलीच्या वाट्याला बाजूचं फक्त एक भोक, टीव्हीची केबल लावायचं. म्हणजे चित्र येत होतं. फक्त आमच्या घरात येत नव्हतं.

हे सगळं मी मोरीचं दार अर्धं उघडून बहिणीला समजावलं. थोरली, धाकटी, किल्ल्या, सगळं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साडेतीन होऊन गेले होते. तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर एवढ्या जोरात आपटत होता की खालच्या मजल्यावरून कोणीतरी "काय कुटताय?" म्हणून ओरडलं.

"टीव्हीवर दिसेल?" तिने विचारलं.

"दिसायला तर पाहिजे, कारण थिअरी अशी आहे की—"

ती लॅपटॉप उचलून निघालीसुद्धा. आमच्याकडे टीव्ही नाही. आई मालिका बघायला शेजारच्या काकींकडे जाते.

काकी दुपारचं रिपीट बघत होत्या. मी सेटटॉप बॉक्सची केबल उपटली तशा त्या पलंगावरून अर्ध्या उठल्या.

"अरे ए! ती विष पितेय आता!"

"काकी, काल रात्रीच प्यायली ती. वाचली पण."

"सांगितलंस! सांगितलंस ना शेवटी!"

केबल लावली. टीव्ही निळा झाला, मग काळा. माझं काळीज त्या दोन सेकंदांत गिरगावपर्यंत जाऊन आलं. आणि मग काकींच्या भिंतभर टीव्हीवर, नवरात्रात घालतात तसल्या माळेखाली, लिनक्सच्या वॉलपेपरवरचा डोंगर आणि तळं उगवलं. मी असा आवाज काढला की गॅलरीतून दोन-अडीचशे माणसं धावत आली. बरं, नऊ असतील. पण दार तेवढंच रुंद आहे.

"हे काय, कोकणात जमीन घेतलीस?" एकाने विचारलं.

"आवाज नको," बहीण म्हणाली. ती स्टुलासमोर मांडी घालून बसली. स्टुलावर आंधळा लॅपटॉप, कॅमेरा त्याचा, कीबोर्ड त्याचा. चित्र मात्र वर भिंतीवर. मी मागे काकांच्या अंगावर चादर ओढली. काका दुपारी झोपतात आणि घोरतात, त्याला लिनक्समध्ये उपाय नाही.

चार वाजले आणि टीव्हीवर दोन बायका आल्या. एवढ्या मोठ्या, की काकींनी पदर सारखा केला.

"तुम्ही सारख्या वर का बघताय?" त्यातल्या चष्मेवालीने विचारलं.

"स्क्रीन वर आहे," बहीण म्हणाली.

एवढंच. मी असतो तर थोरलीपासून सुरुवात केली असती. मी दारात उभा होतो, म्हणजे उभा राहता येत नव्हतं. आत, बाहेर, जिन्यापर्यंत, परत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता केबल सैल होईल, आता लाईट जाईल, आता काका चादरीतून उठून "चहा" म्हणतील. आईने मला दंडाला धरून गॅलरीच्या कठड्याशी दाबून ठेवलं. "हल्लंस तर बघ."

मग परीक्षा. एका हिंदी सिनेमातला तुकडा त्यांनी दाखवला. एक माणूस बायकोपुढे हात हलवून बोलतोय, थांबतच नाही. दिवस वाईट होते, नशीब वाईट होतं, यंत्र जुनं होतं, लोकांनी फसवलं, माझा हेतू बघ, माझं मन बघ. ह्याचं सबटायटल एका ओळीत बसवायचं होतं. पडद्यावर दोन सेकंद दिसणार, तेवढ्यात लोकांनी वाचलं पाहिजे.

बहिणीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग टाइप केलं. काकींच्या टीव्हीवर, डोंगराएवढ्या अक्षरांत, सगळ्या चाळीसमोर:

मी काही नाही केलं.

दारातली नऊच्या नऊ माणसं खदखदली. आईसुद्धा. चादरीखालून काकाही हसले, म्हणजे जागे होते लेकाचे.

"मागे कोण आहेत?" चष्मेवाली म्हणाली, पण तीही हसत होती. "इतकं छोटं करायला कुठे शिकलात?"

"घरी," बहीण म्हणाली.

त्या आठवड्यात मी लॅपटॉप बरा केला. सुरू होतानाच्या सूचनेत एक शब्द घालायचा होता, थोरलीला गप्प बसवणारा. पुढे तिचा नीट ड्रायव्हर टाकला आणि दोघी नांदायला लागल्या. तोपर्यंत बहीण रोज कॉटन ग्रीनला जात होती आणि रोज येऊन मेल बघत होती. त्यासाठी फोन वापरायची. लॅपटॉप कसा उडतोय हे मी दाखवायला गेलो की ती भांडी घासायला घ्यायची, आणि आमच्या घरात ही गोष्ट सहज घडत नाही.

नोकरी लागली. गोदामातलं शेवटचं शिंकून आली आणि पाठोपाठ कंपनीचा कोरा लॅपटॉप खोक्यातून आला. आईने त्याला कुंकू लावलं. मी गॅलरीत काकींसह जमलेल्या मंडळींना सांगत होतो की खरं बघता हे सगळं कोणामुळे झालं. स्क्रीन गेली नसती तर टीव्ही नसता, टीव्ही नसता तर त्या बायकांच्या लक्षात ही राहिली नसती. आणि मग बहिणीकडे वळून म्हणालो, "आता ह्या नव्यालाही मी जरा बघून देतो. इन्स्टॉल नाही गं, नुसतं चालवून. अजिबात हात लावत नाही, शप्पथ."

तिने खोक्याचा पुठ्ठा घडी करून पलंगाखाली सारत म्हटलं,

"पेनड्राइव्हपण नाही."